वाचकांचे प्रश्न : ब्रॅड गन अडकते, रिकामी मारते, फुसफुसते

दिवाळीच्या आधी फर्निचरची कामं उरकायची घाई सुरू झाली की या सदराकडे सुतारकामाचे प्रश्न वाढतात, आणि यावेळी त्यातले बरेचसे एकाच हत्याराबद्दल आलेत, हवेच्या दाबावर लाकडात बारीक पिना मारणारी १८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) ब्रॅड गन, म्हणजे साइटवर जिला सगळे नुसतं एफ ३० म्हणतात ती. कुणाची जॅम होते, कुणाची रिकामी मारते, कुणाची नुसती फुसफुसत बसते. म्हणून यावेळी सगळं सदर तिच्यावरच.

आणि प्रश्नांकडे वळायच्या आधी एक सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात हे वाक्य आहेच की "प्रेशर वाढवून पण बघितलं". कृपा करून ते सगळ्यात आधी करू नका. ह्या गनला हवेचं प्रेशर ४ ते ७ किलो, म्हणजे साधारण ६० ते १०० पीएसआय, एवढंच लागतं. जॅम होणाऱ्या गनला ८ किलो दिलं तर ती सुधारत नाही, फक्त जास्त जोरात जॅम होते, आणि आतला पिस्टन ज्या रबरी बंपरवर येऊन आपटतो तो बंपर लवकर फाटतो. मग एका आजाराचे दोन होतात आणि दुकानदार म्हणतो नवी घ्या.

माझी गन दर पाच-दहा पिनांनी जॅम होते. नाकात पिन वाकडी होऊन बसते, पकडीने ओढून काढावी लागते. गन फार जुनी नाही. पिना ज्या मिळतील त्या वापरतो. दुकानदार म्हणतो गन बदला.
— एक सुतार, पुणे

दादा, "ज्या मिळतील त्या" हे वाचलं आणि निम्मं उत्तर तिथंच सापडलं. १८ गेजच्या पिनेची तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंद असते आणि गनच्या नाकातली खाच पण त्याच मापाची, तिथं खेळायला जागाच नसते. एका खोक्यातली तार किंचित बारीक असली की दोन पिना एकदम आत घुसायला बघतात, दुसऱ्या खोक्यातली किंचित जाड असली की ती अडखळत सरकते आणि पिस्टनला जोडलेलं, पिन ठोकणारं ब्लेड तिच्या डोक्याच्या मधोमध न बसता कडेवर बसतं, मग ती वाकणार नाही तर काय होणार. शिवाय पट्टीतल्या पिना एकमेकींना गोंदाने चिकटवलेल्या असतात, हलक्या मालात तो गोंद कधी जास्त कधी कमी. जास्त असला तर मॅगझिनच्या, म्हणजे पिना भरायच्या खान्याच्या, रुळावर त्याचे पापुद्रे साठतात, कमी असला तर पट्टी हातातच तुटते, आणि मग आपण ते दोन-दोन चार-चार पिनांचे तुकडे वाया कशाला घालवायचे म्हणून परत मॅगझिनमध्ये भरतो. हे तुकडे भरणं आजपासून बंद करा. एक चांगल्या कंपनीचं खोकं आणा, अख्ख्या पट्ट्या भरा आणि दिवसभर चालवून बघा. जॅम बंद झाला तर गनला काही झालेलंच नव्हतं.

आता अडकलेली पिन काढायची कशी, कारण याच कामात लोक हात फोडून घेतात. सगळ्यात आधी हवेचा पाईप कपलरमधून, म्हणजे गनच्या जोडणीतून, काढायचा. कंप्रेसरचं बटण बंद केलं, काटा खाली आणला, असलं काही चालत नाही, टाकीत आणि गनच्या मुठीत हवा असतेच, पाईप सुटा झालेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. मग मॅगझिन उघडून उरलेली पट्टी बाहेर काढायची, नाहीतर मागची स्प्रिंग पुढच्या पिनेला ढकलतच राहते आणि तुम्ही एक काढाल तोवर दुसरी येऊन बसेल. नाकावर खिट्टी असेल तर ती उघडा, बऱ्याच स्वस्त गनला ती नसते, तिथं समोरच्या प्लेटचे ॲलन स्क्रू सोडायला लागतात. वाकडी पिन नोज प्लायरने निघते. ब्लेड खालीच राहिलं असेल तर पितळी सळईने नाहीतर बोथट स्क्रूड्रायव्हरने हळूच वर सारा, हातोडी लावू नका.

आणि प्लेट उघडलीच आहे तर ब्लेडचं टोक बघून घ्या. नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही, मोबाईलचा कॅमेरा झूम करा, टॉर्च लावा. नव्या ब्लेडचं टोक सरळ कापलेलं असतं, कोपरे धारदार, जणू छोटीशी पटाशीच पण धार नसलेली. झिजलेल्या ब्लेडचे कोपरे गोल झालेले दिसतात, नाहीतर अख्खं टोक एका बाजूला उतरतं झालेलं असतं, कधी कोपऱ्यातला कणभर तुकडाच उडालेला असतो, सागाच्या गाठीवर किंवा आधीच्या स्क्रूवर गन मारली की हे होतं. अशा उतरत्या टोकावरून पिन निसटते आणि बाजूला घुसते. बारीक सपाट कानशीने टोक काटकोनात आणता येतं, पण जेवढं घासाल तेवढं ब्लेड आखूड होतं आणि पिनेचं डोकं लाकडाच्या वर राहायला लागतं. एखाद वेळ ठीक आहे, पुन्हा तसंच झालं तर ब्लेड-पिस्टनचा सेट बदलून टाका, नव्या गनपेक्षा स्वस्तात पडतो. प्लेट बसवताना स्क्रू नीट आवळा. चालवून चालवून ते सैल होतात, आणि प्लेट केसभर जरी उचलली गेली तरी त्या फटीत पिन आडवी व्हायला बघते. तुमची गन फार जुनी नाही म्हणताय म्हणजे ब्लेडपेक्षा मला पिना आणि हे स्क्रू यांचाच संशय जास्त आहे.

मी घरी फोटो फ्रेम बनवते. गनचा आवाज नेहमीसारखाच येतो पण मधूनच पिन येतच नाही, रिकामा शॉट जातो. मग पुढचा बरोबर बसतो. पट्टी संपत आली की हे जास्त होतं.
— एक वाचक, नाशिक

ताई, रिकामा शॉट गेला की गनकडे नाही, लाकडाकडे बघा. तिथं ब्लेडची बारीक चौकोनी खूण उमटलीय का? खूण असेल आणि पिन नसेल तर ब्लेडने आपलं काम केलंय, त्याच्यासमोर पिनच आली नव्हती, म्हणजे गडबड मॅगझिनमध्ये आहे. खूणच नसेल किंवा अगदी पुसट असेल तर ब्लेड खालपर्यंत पोचलंच नाही, म्हणजे हवेची नाहीतर पिस्टनची गडबड. या एका खुणेवरून निम्मी गन उघडायची वाचते, तरी मी बघतो की लोक आधी वरचं झाकणच उघडतात.

तुमच्या केसमध्ये आवाज नेहमीचा आहे आणि पट्टी संपत आल्यावर जास्त होतं, म्हणजे खूण उमटत असणार असं मी धरून चालतो. पिनांना पुढे ढकलणारा जो पुशर असतो त्याची स्प्रिंग पट्टी भरलेली असताना पूर्ण ताणलेली असते आणि संपत येते तसा तिचा जोर कमी होत जातो. त्यात रुळावर गोंदाचे कण आणि एमडीएफचा भुसा बसलेला असला की शेवटच्या पिनांना ती वेळेत पुढे आणूच शकत नाही. मॅगझिन रिकामं करून जुन्या टूथब्रशने रूळ घासा, कोरड्या फडक्याने पुसा. तेलाचं फडकं फिरवू नका, त्या तेलाला भुसा चिकटतो आणि आठवड्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. मग पाईप न लावता पुशर बोटाने मागे ओढून सोडून बघा, खटकन पुढे आला पाहिजे. रेंगाळत आला तर स्प्रिंग बदला, आणि मॅगझिन कधी खाली पडून दबलंय का तेही बघा, पत्र्याला पोचा आला की पुशर बरोबर तिथेच अडतो.

काही गनमध्ये शेवटच्या थोड्या पिना राहिल्या की गन मारतच नाही, ती मुद्दाम केलेली सोय असते, रिकामी मारून ब्लेड खराब होऊ नये म्हणून. तुमची मारतेय म्हणजे तिला ती सोय नाही. पट्टी दहा-पंधरा पिनांवर आली की मागून दुसरी अख्खी पट्टी भरत जा, मधे तुटका तुकडा नको.

एक शक्यता आणखी राहते. ब्लेड खाली जातं पण परत पूर्ण वर येत नाही, जरासं खाचेत लोंबत राहतं, आणि त्याच्यामुळे पुढची पिन आत येऊ शकत नाही. पाईप काढून, पट्टी काढून नाकात टॉर्च मारा, ब्लेडचं टोक पिनेच्या वाटेत दिसलं तर हेच. मग कारण पिस्टनची कोरडी ओ रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, किंवा फुगलेला बंपर. हवा आत जाते त्या तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब घालून फरक पडतो का बघा, पडला नाही तर ओ रिंगांचं किट बदला.

आमच्याकडे थंडीत सकाळी सकाळी गन चालतच नाही. ट्रिगर दाबला तर फुस्स करते आणि पिन अर्धीच जाते. दहा-अकरा वाजले की आपोआप चालू होते. तेल रोज घालतो, घरात होतं ते खोबरेल.
— एक वाचक, वाई

वाचून हसू आलं पण तुमच्यावर नाही, कारण हे करणारे तुम्ही एकटे नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, थंडीत बाथरूममधली बाटली आपण गरम पाण्यात ठेवतो ती उगाच नाही. वाईला डिसेंबरच्या सकाळी काय गारठा असतो ते तुम्ही जाणता, म्हणजे रात्रभरात ते तेल गनच्या सिलिंडरमध्ये, ओ रिंगवर आणि ट्रिगरच्या बारीक भोकात थिजून बसतं. पिस्टन त्या लोण्यातून वर-खाली करायचा प्रयत्न करतो. ऊन चढलं की तेल वितळतं आणि तुम्हाला वाटतं गन आपोआप सुधारली.

गन उघडून आतलं सगळं पुसून काढायला लागेल, नुसतं वरून दुसरं तेल घालून भागणार नाही. वरच्या झाकणाला बहुतेक चार ॲलन बोल्ट असतात. पाईप काढलेला आहे याची खात्री करा, बोल्ट थोडे थोडे करून आलटून पालटून सैल करा कारण खाली स्प्रिंग असते, आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, नाहीतर रात्री कोणती रिंग कुठली याचं कोडं सोडवत बसाल. सगळं कोरड्या सुती फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर लावू नका, रबर फुगतं. ओ रिंगांना त्यांच्यासाठीच मिळणारं ग्रीस बोटावर घेऊन अगदी पातळ लावा, थापू नका.

यापुढे न्यूमॅटिक टूलचं तेल आणा, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात छोटी बाटली मिळते आणि ती लवकर संपत नाही. ते मिळेपर्यंत अडीनडीला शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. गाडीचं इंजिन ऑइल नको, त्यातली डिटर्जंट ओ रिंगांना मानवत नाहीत, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको, तो आहे ते तेल पण धुऊन नेतो. गन उलटी धरून हवा आत जाते त्या तोंडात सकाळी दोन-तीन थेंब, आणि जास्त काम असलं तर जेवणानंतर परत दोन. मग आधी रद्दी लाकडावर चार-पाच पिना मारा. हे विसरू नका, कारण जादा तेल एग्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते त्या भोकातून, फवाऱ्यासारखं उडतं आणि समोर बिनपॉलिशचा साग असला तर तिथं डाग पडतो, मग त्या जागी पॉलिश धरत नाही आणि पॉलिशवाला तुमच्या नावाने खडे फोडतो.

पावसाळ्यात गनमधून पाणी उडतं. एग्झॉस्टमधून पांढरी वाफ पण येते. गन कधी जोरात मारते कधी हळू. कंप्रेसर नवीन आहे.
— एक फर्निचर कॉन्ट्रॅक्टर, डोंबिवली

कंप्रेसर नवीन असला तरी हवा तर डोंबिवलीचीच आहे ना. टाकीत ८ किलोला हवा भरतो म्हणजे बाहेरची साधारण नऊ टाकी हवा एका टाकीत कोंबतो, आणि तिच्याबरोबर नऊ टाक्यांतली वाफ पण आत येते. हवा गार झाली की तेवढी वाफ तिच्यात राहूच शकत नाही, तिचं पाणी होतं. हिशोब केला तर बाहेर ११-१२ टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रता असली की टाकीत पाणी साचणारच, आणि जुलैत आपल्याकडे ती ८० च्या वरच असते. म्हणजे हा बिघाड नाहीच, टाकीखालचा ड्रेन कॉक कुणी उघडत नाही एवढंच.

रोज संध्याकाळी काम संपल्यावर टाकीत थोडं प्रेशर असतानाच तो कॉक हळू उघडायचा, गंजाचं तांबडं पाणी येईल ते सगळं जाऊ द्यायचं, आणि टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत तसाच उघडा ठेवायचा. पावसाळ्यात दुपारी पण एकदा. दुसरं म्हणजे कंप्रेसरनंतर एक फिल्टर-रेग्युलेटर लावून घ्या, ज्याला खाली पारदर्शक वाटी असते, आणि तो कंप्रेसरला चिकटून नाही तर मधे थोडा पाईप सोडून, म्हणजे हवा गार होऊन पाणी वाटीत पडेल. गरम हवेतली वाफ फिल्टरमधून सरळ निघून जाते.

गनमध्ये गेलेल्या पाण्याचं काय होतं तर ते तेल धुऊन काढतं, सिलिंडर आणि ब्लेड गंजतं, ओ रिंग कोरडी पडते आणि मग तुम्ही म्हणता तसं कधी जोरात कधी हळू. तेलाचे थेंब पावसाळ्यात दुप्पट करा. पिनांची खोकी पण बघा, ओलसर भिंतीला टेकून ठेवलेल्या पट्ट्यांवर गंज चढला की त्या सरकत नाहीत आणि जॅमचं खापर गनवर फुटतं.

कधी जोरात कधी हळूचं दुसरं कारण पण तपासा, कारण तुम्ही कॉन्ट्रॅक्टर आहात म्हणजे एका कंप्रेसरवर दोन-तीन गन आणि मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाईप असणार. गन गप्प असताना रेग्युलेटरचा काटा ६ दाखवतो, त्याला काही अर्थ नाही. कुणालातरी भराभर पिना मारायला सांगा आणि तेव्हा काट्याकडे बघा. तो ४ च्या खाली जात असेल तर हवा कमी पडतेय, जाडसर पाईप घ्या, गुंडाळी पाईपचे जोड कमी करा, नाहीतर टाकी मोठी घ्या. आणि हा काटा पाईपच्या अलीकडचं प्रेशर दाखवतो, पलीकडे गनपाशी त्याहून कमीच असतं.

गनला पाईप लावला की सूं सूं आवाज येतो. कुठून गळतंय कळत नाही. दुकानात किट मागितलं तर विचारतात कुठली रिंग, काय सांगू?
— एक वाचक, सांगली

साबणाचं पाणी करा, ब्रशने लावत जा, जिथं बुडबुडे तिथं गळती, सायकलचं पंक्चर काढतात तसंच. पट्टी आधी काढून ठेवा आणि बोट ट्रिगरपासून लांब.

ट्रिगरपाशी बुडबुडे आले तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या ओ रिंगा, त्या नखाएवढ्या असतात आणि त्यांच्यात भुशाचा एक कण अडकला तरी गळते, कधी कधी तेल घालून ट्रिगर चार-सहा वेळा दाबला की कण निघून जातो आणि आवाज थांबतो. हे मात्र गन रद्दी लाकडावर टेकवून. वरच्या झाकणाच्या जोडातून आले तर बोल्ट सैल किंवा गॅस्केट फाटलेलं, आधी बोल्ट आवळून बघा, तेही एकदम एक नाही, समोरासमोरचे थोडे थोडे. ट्रिगर न दाबताच एग्झॉस्टमधून सतत हवा येत असेल तर हेड व्हॉल्व्हची, म्हणजे पिस्टनवर हवा सोडणाऱ्या झडपेची, ओ रिंग. इथं एक गंमत आहे, टाकीत दोन-अडीच किलो असताना पाईप लावला तर हेड व्हॉल्व्ह नीट बसतच नाही आणि गन सुसाट गळते, लोक घाबरून सरळ दुकानात घेऊन जातात. आधी प्रेशर ४-५ ला येऊ द्या आणि मग पाईप एका झटक्यात लावा, बसला तर प्रश्न मिटला. नाकातून हवा येत असेल तर खालचे बोल्ट, बंपर किंवा पिस्टनची रिंग, आणि त्याबरोबर पिना प्रमाणाबाहेर खोल जायला लागल्या, नाकातून रबराचे काळे-पिवळे तुकडे पडले, तर बंपर संपला.

कपलरच्या आट्यांतून गळत असेल तर टेफलॉन टेपचे दोन-तीन फेरे. टेप शेवटच्या आट्याच्या पुढे नेऊ नका, त्याची चिंधी आत जाऊन ट्रिगर व्हॉल्व्हमध्ये अडकते.

दुकानात सुटी रिंग मागू नका. गनचा मॉडेल नंबर सांगून पूर्ण ओ रिंग किट मागा. दिसायला सारखी, मापाला पाव मिलिमीटर कमी अशी रिंग बसते पण महिनाभर टिकत नाही.

सागाची बिडिंग पट्टी मारताना पिन आत जाऊन वळते आणि बाजूने बाहेर येते. परवा बोटात घुसली. प्रेशर कमी-जास्त करून बघितलं. गन खराब आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

बोट आधी डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या, बारीक भोक म्हणून सोडून देऊ नका.

गन ठणठणीत आहे, धरायची पद्धत चुकतेय. पिनेचं टोक सुईसारखं गोल नसतं, पटाशीसारखं दोन बाजूंनी तासलेलं असतं. त्यामुळे आत जाताना कडक रेषा लागली की ती गनच्या डावीकडे किंवा उजवीकडे वळते, पुढे-मागे सहसा नाही. आता विचार करा, १८ एमएमच्या प्लायच्या कडेवर पट्टी मारताय आणि गनचं मॅगझिन पट्टीच्या लांबीत धरलंय, तर डावी-उजवी म्हणजे प्लायचे दोन्ही चेहरे, पिन वळली की थेट सनमायकातून बाहेर. तीच गन काटकोनात फिरवा, मॅगझिन पट्टीला आडवं येईल असं, आता डावी-उजवी म्हणजे पट्टीची लांबी, पिन वळली तरी लाकडातच राहते. एवढ्याने तुमचा प्रश्न बराचसा सुटेल. सवय व्हायला वेळ लागतो, कारण मनगट अवघडतं.

पट्टी दाबून धरणारा हात पिनेच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा, आणि शक्य असेल तिथं हाताऐवजी क्लॅम्प किंवा मास्किंग टेप. ८-१० एमएमच्या पट्टीला २५ ची पिन पुष्कळ होते, ३० ची वापरत असाल तर वळायला तिला जास्त वाट मिळते. शेवटी सगळं धरून ठेवणार आहे ते फेव्हिकॉल, पिन फक्त तो सुकेपर्यंत पट्टी हलू देत नाही. पट्टीच्या टोकापासून दीड-दोन इंच आत मारा, अगदी टोकाला मारायचीच असेल तर आधी बारीक ड्रिल मारून साधा खिळा ठोका. आणि गाठ दिसली की बाजूला सरका.

ट्रिगर एकदाच दाबतो पण कधी कधी दोन पिना जातात, एकाच्या डोक्यावर एक.
— एक वाचक, संभाजीनगर

तुमच्या गनच्या नाकाला दाबली जाणारी सेफ्टी असेल आणि ट्रिगर दाबूनच ठेवून नाक टेकवलं तरी मारत असेल, तर ती बंप पद्धतीची आहे. पिन मारल्यावर गन धक्क्याने उडते आणि परत टेकते, बोट ट्रिगरवर असतंच, दुसरी जाते. कडक लाकडावर आणि जास्त प्रेशरला हे हमखास होतं. प्रेशर अर्धा किलो उतरवा, गन लाकडावर घट्ट दाबून धरा आणि दर पिनेला बोट पूर्ण सोडा. अमेरिकेत ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये नेल गनच्या सुरक्षेची पुस्तिका काढली, त्यात पण सगळ्यात सुरक्षित म्हणून सांगितलाय तो सिक्वेन्शियल ट्रिगर, म्हणजे आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर, आणि दर वेळी दोन्ही सोडायचं. नवीन घेताना तसली मागा. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त एफ ३० ना नाकाला सेफ्टीच नसते, ट्रिगर दाबला की हवेत पण मारतात, तिथं दोन पिना जात असतील तर ट्रिगर व्हॉल्व्ह अडकतोय, तो काढून साफ करा, ओ रिंग बदला. तोवर ती गन पोराटोरांच्या हातात देऊ नका, आणि चष्मा घाला.

साइटवर लाइट नाही, कंप्रेसर चालत नाही. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, रेग्युलेटर लावून त्यावर गन चालवली तर? दोन तासांचंच काम आहे.
— एक वाचक, बीड

नाही. दोन तास नाही, दोन पिना पण नाही. गनमध्ये तेल आहे, आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलाला लागला की ठिणगीची पण वाट बघत नाही, गन हातात फुटते. कुठलाच भरलेला सिलिंडर गनला लावायचा नाही, गनच्या माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं असतं. वेल्डिंगवाल्याकडे जनरेटर असेल तर कंप्रेसर त्यावर चालवा, नाहीतर हातोडी आणि अर्धा-पाऊण इंची खिळे आहेतच.

एफ ३०, टी ५०, एसटी ६४ यात काय फरक? एका गनमध्ये दुसरीच्या पिना जातात का?
— एक नवशिका, नागपूर

जात नाहीत आणि घालू नका. एफ म्हणजे १८ गेज ब्रॅड, एफ ३० गनमध्ये १० ते ३० एमएम लांबीच्या पिना जातात, एफ ५० मध्ये ५० पर्यंत. टी म्हणजे १६ गेज, जरा जाड, चौकटी आणि जाड पट्ट्यांना, टी ५० ची गन वेगळी. एसटी म्हणजे १४ गेजचे काँक्रीटचे खिळे, भिंतीला बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, मारायला. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक, यात नवीन माणूस हमखास उलटा गोंधळतो. २३ गेजच्या बिनडोक्याच्या पिना पण मिळतात, काचेच्या बारीक पट्टीला छान, भोक दिसतच नाही, पण त्यांची पकड कमी आणि गन पुन्हा वेगळी.

तुम्ही शिकताय तर एफ ३० घ्या आणि २५ एमएमचं एक खोकं. दुकानातच एक पट्टी भरून त्यांच्या कंप्रेसरवर मारून बघा, किट आणि ब्लेड त्याच दुकानात मिळतं का ते विचारा. मिळत नसेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी दुसऱ्या दुकानातली घ्या.